सोलर आणि घरपट्टी : टक्का कशाचा ते आधी विचारा



ऊस विकास खात्याकडून या पानावर आपणांस बेणे, खते, खोडवा आणि हुमणी यांविषयी वाचावयाची सवय आहे. या वेळी विषय थोडा आडवाटेचा आहे. पण गेल्या हंगामात गट ऑफिसात या एकाच गोष्टीची विचारणा इतक्या वेळा झाली, की एकदा लिहून टाकावे असे आम्हांस वाटले.

उसाचा पहिला हप्ता बँकेत जमा झाला, की गावात नवीन चेहरे दिसू लागतात हे आपण सर्व जाणतो. पूर्वी ट्रॅक्टरवाले आणि भांडी विकणारे यायचे. आता सोलरवाले येतात. असेच एक जुने सभासद गट ऑफिसात आले. हातात गुळगुळीत कागदावरचे छापील पत्रक होते. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "साहेब, हे खरं हाय का? सोलर बसवला की घरपट्टी माफ म्हणत्यात."

पत्रक आम्ही वाचले. त्यात 'माफ' हा शब्द कोठेही नव्हता. 'सोलर बसवा, घरपट्टीत १० टक्क्यांपर्यंत सूट' एवढेच होते. 'माफ' हे विकणाऱ्याने तोंडी घातलेले होते. आबांचे एक घर गावात आहे, दुसरे मुलाच्या नावाने पुण्यात आहे. दोन्ही छपरांवर पॅनेल टाकायचे ठरवून पंचवीस हजार रुपये इसार ते देऊन बसले होते. बाकीची रक्कम ऊस बिलातून दुसऱ्या दिवशी द्यायची होती.

आम्ही एवढेच विचारले, "आबा, दहा टक्के कशाचे?"

आबा गप्प राहिले. मग म्हणाले, "सोलरच्या किमतीचे असणार की."

घोटाळा येथेच आहे. आपण ऊस उत्पादक आहोत. टक्का नुसता ऐकून आपले समाधान होत नाही. उतारा दहा आला म्हणजे शंभर किलो उसातून दहा किलो साखर, हे आपले शेंबडे पोरही सांगते. एफआरपीचा मूळ दर सव्वादहा टक्के उताऱ्यावर धरलेला आहे आणि उतारा वर गेला की दर वर जातो, हेही आपण जाणतो. उसाच्या बाबतीत एवढे चोख असणारे आम्ही-तुम्ही घराच्या छपरावर चढलो की टक्का कशाचा ते विचारायचे विसरतो.

सोलरवर घरपट्टीची सवलत देण्याच्या दोन तऱ्हा जगात आहेत. एका तऱ्हेत सोलरच्या खर्चाचा काही टक्का घरपट्टीतून वजा करतात. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात अशी पद्धत आहे. तेथे २००८ साली तसा कायदा झाला. १ जानेवारी २०२४ पासून पुढे बसविलेल्या सौर वीज संचाला खर्चाच्या साडेसात टक्के रक्कम दरवर्षी घरपट्टीतून कमी होते, अशी चार वर्षे. म्हणजे कोणी तीस हजार डॉलर खर्च केले, तर वर्षाला सव्वादोन हजार आणि चार वर्षांत नऊ हजार डॉलर सुटले. अर्थात त्या वर्षीची घरपट्टीच त्यापेक्षा कमी असेल, तर तेवढीच सुटणार. तरी हा आकडा मोठा आहे आणि एवढ्यासाठी माणूस सोलर बसवील, हे पटण्यासारखे आहे. आपल्यांपैकी काहींची मुले तिकडे नोकरीस आहेत. ती फोनवर जे सांगतात ते या पद्धतीचे असते. त्यांचे खोटे नाही, पण ते येथे लागू नाही.

दुसऱ्या तऱ्हेत सोलरचा खर्च कोणी पाहातच नाही. घरपट्टीच्या बिलाचाच काही टक्का सोडतात. आपल्याकडे ही तऱ्हा आहे. पुणे महानगरपालिकेत सौरऊर्जा, पावसाच्या पाण्याची साठवण किंवा जिरवण, आणि गांडूळ खत या तीनपैकी एक गोष्ट घरी चालू असेल तर मिळकतकरात पाच टक्के, आणि दोन किंवा तिन्ही असतील तर दहा टक्के सूट, अशी पद्धत आहे. म्हणजे नुसत्या सोलरला दहा नव्हेत, पाचच. पत्रकात जो 'पर्यंत' शब्द बारीक अक्षरात होता, त्याचा अर्थ हा. ठाणे, नागपूर, अमरावती या महापालिकांनीही सौर बंबासाठी करात सूट देण्याचा पायंडा पूर्वीच पाडलेला आहे. प्रत्येक ठिकाणचा टक्का आणि अटी त्या त्या महापालिकेच्या सभेने ठरविलेल्या असतात आणि सभा त्या बदलूही शकते. म्हणून ज्या गावात घर आहे तेथल्या कर खात्यात जाऊन चालू वर्षाचा नियम विचारावा. विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नये.

आणखी एक बारकावा आहे. मिळकतकराच्या बिलात महापालिकेचे स्वतःचे कर असतात, तसा शिक्षण कर वगैरे शासनाचाही कर असतो. महापालिका तो फक्त गोळा करून शासनाकडे भरते. जो पैसा तिचा नाही, तो ती सोडणार कोठून? तेव्हा टक्का काढायचा तो शासनाचे कर बाजूला ठेवून उरलेल्या रकमेवर.

आबांचा हिशेब

आबांच्या समोरच आम्ही कागद घेतला. पुण्याच्या घराचे बिल शासनाचे कर वगळून आठ हजार धरले. त्याचे पाच टक्के म्हणजे वर्षाला चारशे रुपये. तीन किलोवॅटच्या संचाला सगळे मिळून एक लाख नव्वद हजार खर्च धरू. (दर निरनिराळे आहेत, हा हिशेबापुरता.) त्यातून केंद्र सरकारचे अनुदान अठ्ठ्याहत्तर हजार वजा जाता खिशातून गेले एक लाख बारा हजार. घरपट्टीतल्या चारशे रुपयांनी हे पैसे फिटायला दोनशे ऐंशी वर्षे लागतील!

आबा हसले नाहीत. इसार दिलेला माणूस हसत नसतो.

पण हिशेब येथे थांबविला तर तोही अर्धवटच. सोलरचा पैसा फिटतो तो लाईटबिलातून. आपल्या भागातल्या उन्हात एक किलोवॅटचा संच महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो. तीन किलोवॅटचे झाले साडेतीनशेच्या आसपास. मुलाच्या घरी फ्रीज, गिझर, पंखे, उन्हाळ्यात एसी. बिल दोन हजारांच्या घरात येते. त्यातले दीड हजार वाचले तरी वर्षाचे अठरा हजार झाले. एक लाख बारा हजार साधारण सव्वासहा वर्षांत वसूल. पॅनेल नीट राखले तर वीस-पंचवीस वर्षे चालते. म्हणजे पुण्याच्या घरावर सोलर टाकणे हा शहाणपणाचाच सौदा होता. फक्त तो घरपट्टीसाठी नव्हता. घरपट्टीची सूट म्हणजे उसाबरोबर आलेले वाढे. वाढ्यासाठी कोणी ऊस लावत नाही, पण आलेले वाढे कोणी बांधावर टाकूनही देत नाही.

अनुदानाचे आकडे येथे एकदा सांगून ठेवतो. 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी तीस हजार, तिसऱ्याला अठरा हजार, म्हणजे जास्तीत जास्त अठ्ठ्याहत्तर हजार. संच पाच किलोवॅटचा घेतला तरी अनुदान एवढेच. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. पॅनेल देशी बनावटीचेच हवे, बसविणारा नोंदणीकृत हवा, आणि अनुदान संच चालू झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते. 'अनुदान आम्ही परस्पर वळते करून घेतो, तुम्ही फक्त सही करा' असे कोणी म्हणाल्यास त्यास चहा पाजून वाटेला लावावे. सौर बंबावर पूर्वी केंद्राचे अनुदान होते, ते २०१४ साली बंद झाले. तरी बंबाची किंमत मुळातच कमी असल्याने तो लवकर फिटतो, आणि शंभर लिटरचा बंब वर्षाला हजार-दीड हजार युनिटपर्यंत वीज वाचवू शकतो.

गावातल्या घराचे काय?

गावातल्या घराचा हिशेब निराळा आहे. आबांची गावची घरपट्टी वर्षाला बाराशे रुपयांच्या आत. तिचे पाच टक्के म्हणजे साठ रुपये. शिवाय अशी सूट ग्रामपंचायतीत आहे की नाही हेच आधी पाहावे लागते. ग्रामपंचायतीला घरपट्टी बसविण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने दिलेला आहे, पण दर मनाला येईल तसा लावता येत नाही. शासनाच्या नियमांत किमान आणि कमाल दर घालून दिले आहेत, त्यांच्या मधेच तिला राहावे लागते. आकारणी होते ती घराचे क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर पाहून. छपरावर पॅनेल आहे म्हणून घरपट्टी आपोआप घटत नाही. पॅनेल ठेवले म्हणून ती वाढायचेही काही कारण नाही. मात्र पॅनेलच्या निमित्ताने गच्चीवर पत्रे ठोकून भिंती घातल्या आणि भाड्याने द्यायची खोली केली, तर ते बांधकाम झाले. पुढच्या आकारणीत ते धरले जाईल. मग सोलरमुळे घरपट्टी वाढली अशी बोंब मारू नये.

आमच्याकडे काही सभासदांनी अशीही सूचना मांडली, की ग्रामसभेत ठराव करून सोलरवाल्यांना घरपट्टी सोडावी. हेतू चांगला आहे. पण आम्ही त्यांना विचारले, गावच्या दिवाबत्तीचे बिल कशातून भरता? पाण्याच्या टाकीवरच्या माणसाचा पगार? गावाची स्वतःची कमाई म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. ज्याला लाख रुपये छपरावर टाकायची ऐपत आहे त्याची घरपट्टी सोडायची आणि पत्र्याच्या दोन खणांत राहणाऱ्याकडून पुरती घ्यायची, हे आमच्या मनाला पटत नाही. कोणाला राग आला तरी चालेल.

याला दुसरी वाट आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा गावाने कर सोडला नाही. उलट पुरा कर भरणाऱ्याला दळण फुकट दिले, आणि वसुली वाढली. आपल्या सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे शंभरेक घरांचे गाव २०२४ साली राज्यातले पहिले सौरग्राम झाले. त्या पाठोपाठ कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेळकेवाडीचे नाव आले. तिथे एकेकट्याने नव्हे, गावाने मिळून हे काम केले. ग्रामपंचायतीच्या आणि दिवाबत्तीच्या बिलावरच सोलर टाकला, तर फायदा सगळ्यांच्या घरपट्टीला होतो. ग्रामसभेत मांडायचे तर हे मांडावे.

गावात महिन्याला चाळीस-पन्नास युनिट जाळणाऱ्याने तीन किलोवॅट घेण्यात अर्थ नाही. आणि मोटरीचे कनेक्शन वेगळे, घराचे वेगळे. छपरावरच्या सोलरचा विहिरीवरच्या मोटरीशी संबंध नाही, तिच्या योजना स्वतंत्र आहेत. हे दोन्ही एकत्र करून सांगणारे आम्हांस भेटले आहेत.

कागद कोणाच्या नावाचा

आता सर्वांत चिवट अडचण. आबांच्या गावच्या घराचा नमुना आठचा उतारा आम्ही मागविला. मालक म्हणून नाव त्यांच्या आजोबांचे, ज्यांना जाऊन चाळीस वर्षे झाली. भोगवटादार म्हणून थोरल्या चुलत्यांचे. लाईटबिल वडिलांच्या नावाचे. आणि अर्ज करणार आबा! ऊस नोंदीत असे झाले तर आमचा चिटबॉयसुद्धा तोड देणार नाही, मग सरकार अनुदान कसे देईल?

सूर्यघर योजनेत घर, वीज जोडणी आणि बँक खाते यांचा मेळ बसावा लागतो. घरपट्टीच्या सवलतीत कर खात्यावरचे नाव आणि अर्जदार एक असावा लागतो. आपल्याकडे शेताच्या सात-बाराला वारस नोंद आपण धावत जाऊन करतो, कारण सोसायटीचे कर्ज त्यावर मिळते. घराच्या उताऱ्याकडे मात्र कोणी ढुंकून पाहात नाही. भाऊ-भाऊ एका चुलीवर असेपर्यंत चालून जाते. वाटण्या झाल्या, की ज्याच्या छपरावर पॅनेल आहे ते छप्पर कागदावर दुसऱ्याचेच निघते. आम्ही असे एक भांडण तालुक्याच्या कोर्टापर्यंत गेलेले पाहिले आहे. म्हणून सोलरच्या आधी मृत्यूचे दाखले, वारसांचे संमतीपत्र आणि अर्ज घेऊन ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे जावे. (२०२४ पासून हुद्दा तसा झाला आहे, आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो.) वीज मंडळाकडे नाव बदलण्याचा अर्जही त्याच आठवड्यात टाकावा. बहिणींची नावे वगळून संमतीपत्र करू नये. पुढे तेच अडते, आणि ते न्यायाचेही नाही.

पुण्याजवळच्या ज्या गावांत आपल्या सोयऱ्यांची घरे आहेत, त्यांतली काही २०१७ साली आणि आणखी काही २०२१ साली महापालिकेत गेली. एकच घर, पण काल ग्रामपंचायतीचा उतारा, आज महापालिकेचे बिल. तेथे तर नाव, क्षेत्र आणि वापर नव्या बिलावर बरोबर उतरले का, हे आधी तपासावे. पाच टक्के सूट नंतर. चुकून बिगरघरगुती वापर लागला असेल, तर पाच टक्क्यांची सूट त्यापुढे काहीच नाही.

आमच्याकडून काय चुकले

दुसऱ्याला सांगताना आपले झाकून ठेवणे बरे नव्हे. आमचे स्वतःचे घर एका शहरात आहे, नाव सांगत नाही. अकरा वर्षांपूर्वी आम्ही गच्चीवर काचेच्या नळ्यांचा सौर बंब बसविला, अर्ज केला, तपासणी झाली, सूट लागली. पहिली चार वर्षे आम्ही ऐटीत होतो. पाणी बोअरचे. दरवर्षी क्षार काढून घ्यावा असे बसविणाऱ्याने बजावले होते. आम्ही शेतकऱ्याला ठिबकच्या नळीत आम्ल सोडा म्हणून सांगत गावोगाव फिरतो, आणि घरचा बंब चार वर्षे उघडून पाहिला नाही! पाचव्या वर्षी पाणी कोमट येऊ लागले. पोरांच्या चेंडूने दोन नळ्या फुटल्या, त्या बदलायच्या राहून गेल्या. घरात गिझर सुरू झाला, आणि बिलात सूट मात्र चालूच.

एके दिवशी तपासणीस माणूस आला. आम्ही साखरपट्ट्यात, घरी मंडळी. त्याने गच्चीवर जाऊन हात लावून पाहिले. बंद साधनाला सूट नाही, हा नियम आम्हांस माहीत होता. पुढच्या बिलात सूट गेली आणि मागच्या वर्षीची सुटलेली रक्कमही चढून आली. रक्कम मोठी नव्हती. पण घरच्या मंडळींनी "तुम्हीच ना लोकांना शिकवता?" असे विचारले, ते जास्त लागले. सूट ही साधन बसविल्याची नसते, चालू ठेवल्याची असते, हे आम्ही असे शिकलो. आता क्षार काढून नळ्या बदलल्या आहेत आणि नवीन अर्ज टाकला आहे.

पॅनेलचेही तसेच. आपल्या भागात त्याचा मोठा शत्रू म्हणजे धूळ आणि काजळी. हंगामात पाचट पेटविले, की त्याची काळी फुले अर्धा कोस उडत जाऊन पॅनेलवर बसतात आणि वीज घटते. कारखान्याच्या चिमणीलगतच्या वस्त्यांवर तर आमचाही थोडा दोष आहे, तो मान्य करतो. पंधरा दिवसांनी सकाळी, पॅनेल गार असताना, साध्या पाण्याने धुवावे. पाचट जाळू नका, सरीत कुजवा, हे आम्ही खोडव्यासाठी वर्षानुवर्षे सांगतो. आता त्याला छपरावरचेही एक कारण मिळाले.

पुण्यात दहा टक्के हवे असणाऱ्यांनी गांडूळ खताचा खड्डा करावा. त्यात आपल्याला कोणी शिकवायला नको. तरी शहरातल्या मुलाला एवढे कळवा : सावली हवी, ओल हवी पण पाणी साचू नये, आणि तेलकट, खारट खरकटे टाकू नये. तपासणीच्या आदल्या दिवशी विकत आणून टाकलेली गांडुळे चार दिवसांत मरतात. मुलगा सोसायटीच्या इमारतीत राहात असेल, तर तेथे साधन सामाईक असते. सूट बिलात लागली की नाही, ते चेअरमनकडे विचारावे.

आबांचा इसार विकणाऱ्याने परत दिला नाही. शेवटी तडजोडीने गावचे पॅनेल रद्द केले, आणि पंचवीस हजार पुण्याच्या कामात वळते करून घेतले. गावच्या घराला सौर बंब घ्यायचे ठरले आहे, पण वारस नोंद झाल्यावर. दोन चुलतभावांच्या सह्या अजून बाकी आहेत.

ज्या सभासदांस आपला हिशेब करून घ्यावयाचा असेल त्यांनी गट ऑफिसात यावे. येताना घरपट्टीची चालू पावती, नमुना आठचा उतारा आणि मागच्या बारा महिन्यांची लाईटबिले आणावीत. पत्रक मिळाले असेल तर तेही आणावे. फक्त इसार द्यायच्या आधी या.